लाल दोरा

कुणाच्याही घरी गेले की काका आधी स्वयंपाकघरात जायचे. पाणी प्यायला नाही, सुऱ्या बघायला. घरातल्या बाईला वाटायचं, माणूस बुजरा आहे, बैठकीत बसायला लाजतोय. तोवर यांनी ओट्यावरची सुरी उचलून खिडकीकडे धरलेली असायची आणि एक डोळा मिटलेला असायचा.

माझ्या नणंदेच्या मुलीच्या लग्नात ते पंगतीत दिसेनात म्हणून मी शोधायला गेले. मंडपामागे आचाऱ्यांच्या घोळक्यात उभे होते. हातात कांदे चिरायची हातभर सुरी, आणि मुख्य आचारी समोर हात पुसत उभा.

"हिची मूठ कधी सुटेल सांगता येत नाही," काका त्याला म्हणत होते. "सुटली की पातं कुठे जाईल? तुमच्या मांडीवर. चारशे माणसांचं जेवण हिच्यावर करताय?"

आचाऱ्याने मला बाजूला घेऊन विचारलं, "ताई, हे साहेब कोण? अन्नभेसळवाले का?"

"नाही," मी म्हटलं. "चाकूचे."

आचाऱ्याचं समाधान झालं नाही, पण संध्याकाळी त्या सुरीच्या मुठीला तारेचे वेढे दिसले.

आमचं दुकान जुन्या नाशकात आहे. द्राक्षबागेची अवजारं विकतो. छाटणीच्या कात्र्या, कलमाचे चाकू, विळे, कोयते आणि थोड्या घरगुती सुऱ्या. सासरे गेल्यावर दुकान माझ्याकडे आलं, कारण नवऱ्याला लोखंडाचा वास सहन होत नाही. तो शाळेत गणित शिकवतो. मला लोखंडाचा वास चालतो.

काका पहिल्यांदा आले ते गिऱ्हाईक म्हणून. आदल्या आठवड्यात त्यांनी घडीचा एक कलमाचा चाकू नेला होता. तो त्यांनी काउंटरवर ठेवला आणि त्याच्या शेजारी एक आखलेला कागद ठेवला. कागदावर नीटनेटक्या अक्षरात अकरा दोष लिहिले होते. पातं मिटल्यावर मधोमध बसत नाही, डावीकडे कलतं. धार मिटलेल्या अवस्थेत स्प्रिंगला लागते, म्हणून टोकापासून इतक्या अंतरावर बोथट. पातं आणि मूठ जोडणारं मागचं रिबीट मुठीच्या वर आलं आहे. असे अकरा.

"बदलून देऊ का?" मी विचारलं.

"नको. दुसराही असाच असणार. बनवतो कोण तेवढं सांगा."

"कशाला? भांडायला?"

"भांडायचं असतं तर कागद आणला नसता."

मला राग आला होता. भर सीझनमध्ये कुणी अकरा दोष वाचून दाखवले तर येणारच. पण त्याच चाकूंबद्दल तीन बागायतदार माझ्याकडे कुरकुर करून गेले होते, आणि 'नीट चालत नाय' यापलीकडे त्यांना काही सांगता आलं नव्हतं. या माणसाला सांगता येत होतं. मी त्यांना चहा दिला आणि माळ्यावरचा सगळा माल खाली उतरवला. संध्याकाळपर्यंत त्यांनी तो तपासला. दुसऱ्या दिवशी न बोलावता आले, आणि मग नऊ वर्षं येत राहिले.

ओझरच्या बाजूला विमानाच्या सुट्या भागांवर त्यांनी तेहतीस वर्षं तपासणीचं काम केलं होतं. निवृत्त झाल्यावर माणसं देवाला जातात, गावाला जातात. काकांचे हात मोकळे राहिले आणि ते हात चाकूंकडे वळले. का, असं मी एकदा विचारलं होतं. म्हणाले, "विमानाचा भाग मी पास करायचो, पण तो पुढे कुठे लागतो ते मला कधी दिसलं नाही. चाकू दिसतो. पास केला की समोरच कापतो."

त्यांची पद्धत ठरलेली होती. अकराला यायचं, चपला दाराबाहेर काढायच्या, दाराजवळच्या स्टुलावर बसायचं, कारण तिथे उजेड चांगला. दुकानात अनवाणी फिरू नका, खाली काय काय पडलेलं असतं, असं मी सुरुवातीला दोनचारदा सांगितलं. ते म्हणायचे, "तेहतीस वर्षं लोखंडी टोपीचे बूट घातले ताई. आता पायांना जरा हवा खाऊ द्या." मग मी सांगायचं सोडून दिलं.

चाकू आधी ऐकायचे. मूठ सैल धरून पात्याला नखाने टिचकी मारायची. स्वच्छ आवाज आला तर पुढे. भद्द वाजला तर मूठ तरी सैल आहे किंवा तापवून पाणी देताना पात्याला बारीक तडा तरी गेला आहे. मग धार उजेडाकडे धरायची. धारेवर कुठे चमक दिसली तर तिथे धार नाही. "धार असेल तिथे उजेडाला बसायला जागाच नसते," असं सांगायचे. मग पाठीवर हलकी कानस. कानस घसरली तर पोलाद चांगलं, रुतली तर मऊ. आणि सगळ्यात शेवटी डोळे मिटून अंगठा. मूठ आणि पातं जिथे जुळतं त्या सांध्यावरून, प्रत्येक रिबिटावरून, मग धारेवर आडवा, अगदी अलगद. बाकी सगळं मी वर्षभरात शिकले. अंगठ्याचं शिकायला मला पाच वर्षं लागली. सांध्यावर अंगठा केसाएवढा अडला तरी काका म्हणायचे, "इथे संध्याकाळी कुणाच्या तरी हाताला फोड येणार."

कलमाच्या चाकूला आणखी एक परीक्षा असायची. द्राक्षाची काडी घेऊन एका झटक्यात तिरका काप घ्यायचा, दुसऱ्या काडीला तसाच, आणि दोन काप एकमेकांवर ठेवून उजेडाकडे बघायचं. मधून उजेड दिसला तर चाकू नापास. जंगली खुंटावर पाचर बसवताना मधे फट राहिली की कलम जगत नाही, आणि शेतकऱ्याला वाटतं पाऊस कमी पडला.

घडीचा चाकू ते दहादा उघडायचे आणि दहादा मिटायचे. "उघडताना सगळेच बघतात," म्हणायचे. "मिटताना बघा."

पास झाला की मुठीला पांढरा दोरा. नापास झाला की लाल. गाठही त्यांची ठरलेली होती. दोन वेढे, टोक डावीकडे, करंगळीच्या नखाएवढं ठेवून कापलेलं. आणि एक नियम त्यांनी कारखान्यातून आणला होता. दोरा ज्याने बांधला त्यानेच सोडायचा. लाल दोऱ्याचा चाकू कारागिराकडे जायचा, दुरुस्त होऊन त्याच लाल दोऱ्यासकट परत यायचा, काका तो पुन्हा पहिल्यापासून तपासायचे, आणि पटला तरच स्वतःच्या हाताने लाल सोडून पांढरा बांधायचे. पहिली सात वर्षं, गडबडीच्या दिवशी सुद्धा, मी कधी मधे हात घातला नाही.

आमचे कारागीर म्हणजे चाचा. शिकलगार. चार गल्ल्या पलीकडे त्यांची भट्टी. पहिल्या दिवशी ट्रेमधल्या चाळीस चाकूंपैकी एकोणतीस लाल दोऱ्याचे बघून चाचा तावातावाने दुकानात आले.

"ये कौन आलाय नवीन? आमचे बापदादे तलवारींना धार करत होते. तुम्ही मला स्प्रिंग शिकवता?"

"तलवार मिटत नाही," काका म्हणाले. "हा मिटतो. मिटताना हलतो. बघा."

चाचांनी बघितलं. हलत होता. ट्रे उचलून निघून गेले. दुसऱ्या खेपेला बावीस लाल. मग पंधरा. दोघांची रोज जुंपायची आणि एकाला यायला उशीर झाला की दुसरा रस्त्याकडे बघत बसायचा. चाचा म्हणायचे, "साहेब, तुमच्या सासूने तुम्हाला असं तपासलं असतं तर लग्न झालं नसतं तुमचं." काका म्हणायचे, "तपासलं होतं. लाल दोराच होता. तिच्या मुलीने ऐकलं नाही."

कौतुक म्हणून काकांकडे एकच शब्द होता, 'चालेल'. नऊ वर्षांत एकदा, चाचांनी बाभळीच्या मुठीची एक सरळ सुरी आणली तेव्हा, काका तिच्यावरून अंगठा फिरवत बराच वेळ बसले आणि म्हणाले, "बरी आहे." चाचा उठले, समोरच्या दुकानातून पावशेर पेढे आणले आणि आम्हा सगळ्यांना वाटले. काकांना पेढा देताना म्हणाले, "अर्धाच खा. शुगर आहे तुम्हाला."

साखरेचं असं उघड होतं. सगळ्यांना माहीत होतं. बुद्धपौर्णिमेला काका दुकानात सगळ्यांसाठी डबाभर खीर आणायचे आणि स्वतः एक चमचा घ्यायचे. गोळ्या वेळेवर घेत होते. त्यापलीकडे साखर माणसाचं काय करते याचा विचार ना त्यांनी केला ना मी.

हल्ली मोबाइलवर चाकूंची फार चित्रं येतात. एक जण ऑनलाइन मागवलेला हाती घडवलेला चाकू घेऊन आला. पात्यावर पाण्यासारख्या लाटा लाटा. त्याला काकांचा दोरा हवा होता, फोटोत दाखवायला. काकांनी टिचकी मारली, कानस लावली, काडी कापली.

"नक्षी फार सुंदर आहे," म्हणाले. "येवल्याला दाखवा, पदरावर घेतील."

"आणि चाकू?"

"चाकू कुठे आहे यात?"

तो रागावून गेला. तो गेल्यावर काका मला म्हणाले, "खरं म्हणजे मी त्याला लिहून द्यायला हवं होतं. नुसतं टोचून बोलून कुणाचं भलं होत नाही."

मी त्यांच्या घरी फक्त दोनदा गेले. कॉलनीतलं दोन खोल्यांचं घर, काचेच्या कपाटात बुद्धाची मूर्ती, सगळं जागच्या जागी. काकू जाऊन तेव्हा सहा वर्षं झाली होती. मुलगी पुण्याला असते. काकांनी मला लिंबाचं सरबत केलं, आणि लिंबू कापायला त्यांनी जी सुरी घेतली ती बघून मी थक्क झाले. पत्र्याची म्हणावी अशी, लाकडी मुठीची, आठवडी बाजारातली सुरी. मुठीला लाल दोरा.

"ही नापास आहे," मी म्हटलं.

"आहेच. हिने इगतपुरीच्या बाजारातून आणली होती, माहेरी गेली होती तेव्हा. मी त्याच संध्याकाळी दोरा बांधला. मूठ हलते, पोलाद मऊ, टोक वाकडं. म्हटलं फेकून दे. तर म्हणाली, तुम्ही तुमचं विमान बघा, माझी भेंडी मी बघते." लिंबाच्या बिया काढत ते म्हणाले, "चोवीस वर्षं हिच्यावर स्वयंपाक केला. दोरा भिजून कुजायचा. मी नवा बांधायचो. लालच. ती काही म्हणायची नाही, हसायची."

"आता तरी पांढरा बांधा की."

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी खोटी सही करायला सांगत होते. "मूठ अजून हलते ताई," ते म्हणाले.

मला जे सांगायचं आहे ते आता सांगते.

आठव्या वर्षी, कलमांच्या सीझनमध्ये, एका दुपारी मी तपासलेला ट्रे आत नेत होते. वीस-बावीस चाकू, सगळे पांढऱ्या दोऱ्याचे. सहाव्या की सातव्या दोऱ्यावर तपकिरी डाग दिसला. पुढच्यावर जरा मोठा. त्याच्या पुढच्यावर ओला, लाल. काका स्टुलावर बसून पुढचा चाकू तपासत होते. त्यांच्या उजव्या अंगठ्याला चांगली खोल चीर गेली होती, रक्त मनगटापर्यंत आलं होतं आणि ते डोळे मिटून तोच अंगठा सांध्यावरून फिरवत होते. चेहऱ्यावर काहीही नव्हतं.

मी म्हटलं, "काका, पट्टी देऊ का? थोडं कापलंय."

त्यांनी अंगठ्याकडे बघितलं. मग माझ्याकडे. "अरे हो," म्हणाले. "लक्ष नव्हतं."

लक्ष नसणं त्यांच्या स्वभावातच नव्हतं. मी पट्टी बांधली. बांधताना मुद्दाम जरा जोरात दाबलं. त्यांनी हात हलवला नाही.

त्या दिवशी ते घरी गेल्यावर मी सगळा ट्रे पुन्हा तपासला, त्यांनी शिकवलं होतं तसाच. तीन चाकूंत दोष निघाले. दोन मुठीच्या सांध्यात. तिसऱ्याची स्प्रिंग मेलेली होती. त्याने माझ्याच बोटावर मिटून मला ते सांगितलं. कलम बांधणारा माणूस खुंटाशी वाकून बसलेला असतो, सगळा जोर चाकूवर असतो, आणि हा चाकू तिथे मिटला असता.

मी व्यवहारी बाई आहे. मी विचार केला तो असा: माल खराब जाता कामा नये, आणि माणूस दुखावता कामा नये. तर मग माल मी पुन्हा तपासायचा आणि काकांना बोलायचं नाही. मला वाटलं, दोन्ही गोष्टी साधल्या. सात-आठ महिने मी असंच केलं. ते गेले की त्यांचे ट्रे काढायचे, सगळं पुन्हा. दोष सापडला की पांढरा दोरा सोडायचा, लाल बांधायचा, आणि चाकू चाचांकडे पाठवायचा. चाचांनी दुरुस्त करून आणले की मी मधेच काढून घ्यायची आणि स्वतः बघून पांढरा बांधायची.

एक गोष्ट माझ्या डोक्यात आली नाही, ती म्हणजे गाठ. वेढे मी दोनच द्यायची. पण मी डावरी आहे. माझं टोक उजवीकडे जातं.

एका सकाळी काउंटरवर दिंडोरीकडचे तीन बागायतदार होते आणि मी त्यांच्यात अडकले होते. चाचा आले आणि दुरुस्त झालेले चार चाकू सरळ काकांच्या मांडीवर ठेवून गेले. काकांनी पहिला उचलला. लाल दोरा सोडायला बोटं नेली आणि थांबले. चाकू जवळ धरून गाठ बघितली. खाली ठेवला. दुसरा उचलला, गाठ बघितली, ठेवला. तिसरा. चौथा. मी बागायतदारांना भाव सांगत होते आणि काय सांगत होते ते मला कळत नव्हतं.

काका उठले. चपला घातल्या. "येतो ताई," म्हणाले, रोजच्यासारखं. घड्याळात साडेअकरा वाजले होते.

दुसऱ्या दिवशी आले नाहीत. तिसऱ्या दिवशी अकराला आले, स्टुलावर बसले नाहीत, काउंटरसमोर उभे राहिले आणि उजवा हात त्यावर उघडा ठेवला. अंगठ्याला लाल दोरा होता. दोन वेढे, टोक डावीकडे, करंगळीच्या नखाएवढं.

"हा नापास," म्हणाले.

चाचा तिथेच होते. त्यांना आधी गंमत वाटली, मग वाटली नाही. "साहेब, ये क्या करताय," एवढंच म्हणाले.

मी काहीतरी म्हणायला हवं होतं. मी म्हटलं, "चहा घेणार ना?"

"घेईन. कान अजून पास आहेत."

त्यानंतर ते चार महिने येत राहिले. चाकू ऐकायचे. डोळे मिटून टिचकी मारायचे, घडीचा चाकू कानाशी नेऊन उघडायचे, मिटायचे. अंगठ्याचं काम मी त्यांच्यासमोर करायची आणि ते प्रश्न विचारायचे.

"काय लागतंय?"

"काही नाही."

"काही नाही म्हणजे काय ताई? गुळगुळीत आहे म्हणून काही नाही, की तुम्हाला कळत नाही म्हणून काही नाही? दोन्ही वेगळं आहे."

"गुळगुळीत आहे."

"मग गुळगुळीत म्हणा."

हे असं ते मला शिकवत होते, आणि दुकानात अनवाणी फिरत होते. चाचा कधीकधी तिथेच बसून मुठीचं रिबीट बसवायचे, टोकं कापायचे, ती उडून खाली पडायची. मी रोज झाडायची. रोज झाडलं तरी एखादं राहतं. अंगठ्याला कळत नाही हे मला माहीत होतं. ज्याच्या अंगठ्याला कळत नाही त्याच्या पायाला कळत असेल का, हा साधा प्रश्न मला एकदाही पडला नाही. माल मी दोनदा तपासत होते. माणूस मी एकदाही तपासला नाही.

रिबिटाचा असाच एक तुकडा त्यांच्या तळपायात रुतला होता, किती दिवस ते कुणालाच सांगता आलं नाही. घरी पायात मोजे घालायचे, एकटे राहायचे. एक दिवस आले नाहीत तेव्हा मला वाटलं, पाऊस आहे. दुसऱ्या दिवशी मी फोन केला. तिसऱ्या दिवशी चाचा त्यांच्या घरी गेले आणि त्यांना पाठीवर घेऊन जिना उतरले. पाय काळा पडला होता.

दवाखान्यात आधी बोटं काढली, मग घोट्यापर्यंत, मग गुडघ्याखाली. मुलगी पुण्याहून येऊन राहिली होती. मी रोज दुकान बंद करून जायची. नर्सला अंगठ्याचा दोरा कापून टाकायचा होता, तिथे सुई लावायला अडचण होत नव्हती, पण नियम म्हणून. काकांनी कापू दिला नाही. "तो मी बांधलाय," म्हणाले. नर्सने माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, राहू द्या.

शेवटच्या आठवड्यात एकदा मुलगी डबा आणायला गेली होती. मी म्हटलं, "काका, अंगठ्याचं मला आधीच कळलं होतं. तुम्ही दोरा बांधण्याच्या आठ महिने आधी."

"माहीत आहे," ते म्हणाले. "पट्टी बांधताना दाबून बघितलंत. ते मला दिसलं."

"मग तुम्ही का नाही बोललात?"

"मला वाटत होतं तुम्ही बोलाल. तुम्ही बोलला नाहीत, तेव्हा वाटलं, पास असेन अजून." मग म्हणाले, "बोलायला जड जातं ताई. म्हणून तर आम्ही लिहून द्यायचो."

पहिल्या दिवशी त्यांनी, ओळख ना पाळख, मला अकरा दोष लिहून दिले होते. त्या अकरांमुळे माझं दुकान सुधारलं. मी त्यांना एक लिहून दिला नाही. लोक म्हणतात, मी त्यांचं मन राखलं. मन राखणं म्हणजे काय ते मला आता नीट माहीत आहे. माझी सोय होती ती.

चार दिवसांनी ते गेले. मुलीने अंगठ्याचा दोरा तसाच राहू दिला. तिला नियम माहीत होता. लहानपणी तिच्या शाळेच्या दप्तराला सुद्धा म्हणे एकदा लाल दोरा होता.

महिन्याभराने ती घर आवरून दुकानात आली. सोबत एक पत्र्याचा डबा. त्यात कानस, भिंग, दोन रंगांच्या दोऱ्यांची रिळं, आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेली काकूंची सुरी.

"बाकीचं तुमच्या कामाचं असेल," ती म्हणाली. "हिचं मात्र काय करू कळत नाही. माझ्याकडे नेली तर रोज दिसेल. टाकवत पण नाही."

"ठेवा इथे," मी म्हटलं.

ती गेल्यावर मी स्टुलावर बसले, उजेडात, आणि सुरी तपासली. टिचकी मारली, भद्द वाजली. कानस रुतली. टोक वाकडं. डोळे मिटून सांध्यावरून अंगठा फिरवला तर दोन ठिकाणी अडला, आणि मूठ हलत होती. धार मात्र लखलखीत होती, म्हणजे चमकत अजिबात नव्हती. रोज लावलेली धार होती ती. आणि मुठीचा लाल दोरा कोरा होता, जेमतेम चार-पाच महिन्यांचा. अंगठा नापास करून घरी गेल्यावर केव्हातरी त्यांनी तो बदलला असणार. त्याच हातांनी. गाठ पहिल्यासारखी घट्ट नव्हती, पण टोक डावीकडे होतं.

चाचा समोर उभे राहून बघत होते. त्यांनी पांढऱ्या दोऱ्याचं रीळ डब्यातून काढून माझ्यापुढे ठेवलं.

"बांधून टाका ना ताई. कौन देखता है आता."

मी रीळ डब्यात परत ठेवलं. म्हटलं, "मूठ हलते, चाचा."

सुरी आता माझ्या ओट्यावर असते. भेंडी चांगली चिरते. दोरा भिजून भिजून विटत चाललाय, एका बाजूने उसवलाय सुद्धा. नवा बांधायचा तर आधी जुना सोडावा लागेल.